घरच्या एसीची दरवर्षी तपासणी करावी का? पुण्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारचे ऊन चटका देऊ लागले, की शेजारी, नातेवाईक आणि सोसायटीतील सदस्य मला एसीविषयी तेच ते प्रश्न विचारू लागतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे मुख्यतः सदनिकांत बसवल्या जाणाऱ्या एक ते दोन टन क्षमतेच्या स्प्लिट एसीला लागू आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरातील एसीची दरवर्षी तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे का?

नाही. भारतात घरगुती एसी वापरणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजेच बीईईचे, नियम यंत्र तयार करणाऱ्यांसाठी आहेत. यंत्रावर ताऱ्यांचे लेबल असावे आणि १ जानेवारी २०२० पासून रूम एसी सुरू होताना त्याचे तापमान आपोआप २४ अंशांवर असावे, अशा स्वरूपाचे ते नियम आहेत. ब्रिटनमध्ये एसीच्या तपासणीची सक्ती आहे, परंतु ती १२ किलोवॅटहून अधिक शीतन क्षमतेच्या यंत्रणांना आणि तीही पाच वर्षांतून एकदा. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट, त्यामुळे दीड टनाची दोन यंत्रे मिळूनही साडेदहा किलोवॅटच भरतात. ‘सरकारी नियमाप्रमाणे वार्षिक तपासणी करावी लागते’ असे सांगत कोणी दारात आल्यास त्याला नम्रपणे परत पाठवावे.

२. सर्व्हिसिंग करून घेतले म्हणजे तपासणी झालीच ना?

बहुतेक वेळा होत नाही, आणि माझ्या मते या विषयातील निम्मा गोंधळ येथूनच सुरू होतो. ड्राय सर्व्हिस म्हणजे जाळ्या धुणे व ब्रशने धूळ झाडणे. वेट सर्व्हिस म्हणजे इनडोअर व आउटडोअर युनिटच्या कॉइल (गॅस फिरणाऱ्या नळ्यांची गुंडाळी) पंपाच्या पाण्याने धुणे. या दोन्हींत यंत्र स्वच्छ होते, पण ते कसे चालते आहे हे कोणी मोजत नाही. तपासणी म्हणजे थंड हवेचे तापमान, विजेचा प्रवाह, तारांचे सांधे आणि पाण्याचा निचरा प्रत्यक्ष मोजून किंवा पाहून त्यावरून निष्कर्ष काढणे. ‘सर्व्हिसिंग’साठी पैसे भरताना आपण यांपैकी नेमके काय विकत घेत आहोत, हे आधीच विचारून घ्यावे. चांगल्या तपासणीत काय असावे, ते प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

३. मग दरवर्षी मेकॅनिकला बोलवायचे की नाही?

दिनदर्शिकेतील वर्षापेक्षा यंत्र किती तास चालले आणि कोणत्या हवेत चालले, हे अधिक महत्त्वाचे आहे. बीईईच्या लेबलावर छापलेला वार्षिक वीजवापर १६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील रात्री लवकर निवतात, आणि बऱ्याच घरांत एसी मार्चच्या मध्यापासून जूनच्या पावसापर्यंतच लागतो. समजा, शयनगृहातील एसी ९० रात्री रोज सहा तास चालला, तर ५४० तास भरतात, म्हणजे लेबलवरील वर्षाचा जेमतेम एक तृतीयांश. याउलट घरून काम करणाऱ्याच्या खोलीतला एसी मार्च ते जून रोज दहा तास आणि ऑक्टोबरच्या उन्हातही चालत असेल, तर तो सहज दीड हजार तासांच्या जवळ जातो. या दोन यंत्रांना एकच नियम लावणे मला पटत नाही.

माझा सल्ला असा आहे. रोज अनेक तास चालणारे, पाच-सहा वर्षांहून जुने झालेले किंवा धुळीच्या परिसरातील यंत्र दरवर्षी हंगामापूर्वी धुऊन व तपासून घ्यावे. नव्या आणि कमी वापराच्या यंत्राच्या जाळ्या आपण नियमित धूत असू, थंडावा पूर्वीइतकाच असेल आणि पाणी, वास किंवा वेगळा आवाज येत नसेल, तर दोन उन्हाळ्यांतून एकदा तपासणी पुरेशी ठरते. विजेच्या जोडणीकडे मात्र प्रत्येक हंगामाच्या आरंभी स्वतः लक्ष द्यावे. प्लग काळवंडला असेल, सॉकेट तापत असेल, जळका वास येत असेल किंवा एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर यंत्र बंद करून त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे, कारण तेथे आगीचा धोका असतो.

४. मेकॅनिकशिवाय घरच्या घरी काय करता येते?

सर्वांत उपयोगी काम आपल्याच हाती आहे. हंगामात दर पंधरा दिवसांनी, आणि शेजारी बांधकाम चालू असल्यास दर आठवड्याला, इनडोअर युनिटच्या जाळ्या काढून साध्या पाण्याने धुवाव्यात, सावलीत पूर्ण वाळवाव्यात आणि मगच बसवाव्यात. त्यापूर्वी यंत्र रिमोटने बंद करून मुख्य स्विचही बंद करावा. जाळी तुंबली की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, कॉइल प्रमाणाबाहेर थंड पडते, तिच्यावर बर्फ धरतो आणि तो वितळला की भिंतीवरून पाणी ओघळते. ड्रेन पाइपच्या बाहेरील टोकातून पाणी नीट पडते का आणि आउटडोअर युनिटसमोर कुंड्या, पत्रे किंवा वाळत घातलेल्या चादरी नाहीत ना, हेही आपणच पाहू शकतो.

बाजारात मिळणारे फवारे जपून वापरावेत. आम्लयुक्त द्रावणांनी कॉइलचे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, म्हणजे फिन, झिजतात, आणि फवारा सर्किटवर गेला तर दुरुस्ती धुण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग पडते. गॅसच्या नळ्या, झडपा आणि सर्किट यांना घरी हात लावू नये.

५. चांगल्या तपासणीत मेकॅनिकने नेमके काय करायला हवे?

प्रथम त्याने आपल्याला विचारायला हवे: थंडावा कधीपासून कमी वाटतो, पाणी कुठून येते, याआधी गॅस कधी भरला होता. काहीही न विचारता थेट पाण्याचा पंप जोडणारा माणूस धुलाईच करून जाणार, हे ओळखावे.

यंत्र धुऊन झाल्यावर ते सर्वांत कमी तापमानावर व पंख्याच्या पूर्ण वेगावर पंधरा मिनिटे चालवावे. मग जाळीपाशी आत जाणाऱ्या आणि पात्यांतून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान थर्मामीटरने मोजावे. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असल्यास थंडावा ठीक समजतात. पावसाळी दमट हवेत हा फरक कमी येतो, कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात जाते. नंतर क्लॅम्प मीटरने (तारेभोवती लावायच्या चिमट्याच्या मीटरने) विजेचा प्रवाह मोजून तो आउटडोअर युनिटच्या माहितीपट्टीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.

त्यानंतर तारांचे सांधे घट्ट आहेत का, अर्थिंग आहे का, फिक्स्ड स्पीड, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारे, यंत्र असल्यास कॅपॅसिटर (मोटर सुरू होण्यास व चालण्यास मदत करणारा विजेचा भाग) फुगलेला नाही ना, आउटडोअरचा पंखा मोकळा फिरतो का, नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग आहेत का आणि ट्रेमध्ये ओतलेले पाणी पाइपमधून लगेच बाहेर पडते का, हे पाहायला हवे. तेलकट डाग महत्त्वाचा असतो, कारण गॅससोबत, तो दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते आणि गळतीच्या जागी ते बाहेर येते. मोजलेले आकडे बिलावर किंवा वहीत तारखेसह लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षी तुलनेला तेच उपयोगी पडतात, आणि आकडे मागणाऱ्या ग्राहकाकडे काम अधिक जपून केले जाते, असा माझा अनुभव आहे.

६. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे सांगतात. ते खरे असते का?

एसीतील गॅस वाहनातील पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि यंत्राच्या आयुष्यभर तितकाच राहायला हवा. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बंद न करता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

माझ्याच घरातील दीड टनाच्या यंत्रात सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी आलेल्या कारागिराने गॅसचा दाब मोजणारे गेज बाहेर काढण्याआधी जोडांवर साबणाचा फेस लावला, तेव्हा आउटडोअरच्या फ्लेअर नटपाशी (नळी जोडणाऱ्या नटपाशी) बुडबुडे दिसले. त्याने नळीचे तोंड नव्याने करून नट घट्ट बसवला, आणि त्यानंतर गॅस भरावा लागला नाही. तीन वर्षांच्या पैशांपेक्षाही, तीनही वेळा कोणी गळती शोधलीच नाही याचे मला अधिक वाईट वाटते.

गेजवरचा आकडा दाखवून गॅस कमी असल्याचे सांगितले जाते, तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इनडोअरची कॉइल किंवा जाळी घाण असेल, तरी चालू यंत्राचा दाब कमी दिसतो, म्हणून दाब धुलाईनंतर मोजावा. बाहेर गारवा असतानाही दाब कमीच येतो, त्यामुळे फेब्रुवारीतल्या सकाळच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. आणि यंत्र बंद असताना दिसणारा दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून असल्याने त्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही.

गळती खरोखर सापडली, तर योग्य क्रम असा: उरलेला गॅस काढून घेणे, जोड दुरुस्त करणे, नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहणे, व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओलावा काढणे आणि आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणे. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी आर-४१० ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्याने त्यात वरून थोडा गॅस घालण्याऐवजी पूर्ण भरणा नव्याने करणे श्रेयस्कर आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन पूर्ण ज्वलनशील आहे. त्यामुळे नळ्यांत गॅस असताना ब्रेझिंगची (नळ्या तापवून जोडण्याची) ज्योत लावू पाहणाऱ्याला तेथेच थांबवावे. गॅस खोलीत किंवा गॅलरीत मोकळा सोडून देणेही चूक आहे, कारण हवेत गेलेला एक किलो आर-४१० ए तापमानवाढीच्या दृष्टीने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका असतो.

७. तपासणीसाठी योग्य महिना कोणता?

संक्रांतीनंतर होळीपर्यंतचा काळ. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला की मेकॅनिकला एका दिवसात इतकी घरे करावी लागतात, की प्रश्न ५ मधील मोजमापांना वेळच उरत नाही. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत दाबाच्या आकड्यांवर विसंबू नये (प्रश्न ६). दिवाळीपूर्वी घर रंगवायचे असेल, तर एसी आधी धुऊन उपयोग नाही. भिंती घासताना इनडोअर युनिट प्लॅस्टिकने बांधून ठेवावे आणि यंत्र नंतर धुवावे.

८. आउटडोअर युनिटमध्ये कबुतरांनी घरटे केले आहे आणि शेजारी इमारत उभी राहते आहे. आम्हाला वेगळा नियम आहे का?

हो. पुण्यातील यंत्रांना मुंबईसारखी खारी हवा लागत नाही, हे आपले भाग्य. परंतु वाघोली, हिंजवडी, बाणेर, खराडी यांसारख्या सतत बांधकाम चालणाऱ्या भागांत बारीक भुकटी कॉइलच्या फिनमध्ये बसते, आणि जुन्या वाड्यांच्या जागी पुनर्विकास होत असल्याने पेठाही आता याला अपवाद राहिलेल्या नाहीत. सिमेंटची धूळ ओलाव्याने घट्ट धरते व नंतर साध्या पाण्याने निघत नाही. अशा ठिकाणी बांधकाम संपेपर्यंत दरवर्षी, आणि वापर जास्त असल्यास हंगामाच्या मध्यातही, आउटडोअर धुऊन घ्यावे.

कबुतरांची विष्ठा आणि काड्या यांमुळे हवेचा मार्ग अडतो व पत्रा गंजतो. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील, तर ती उडून जाईपर्यंत थांबावे, मग मास्क लावून जागा ओली करून स्वच्छ करावी आणि बाजूंना जाळी लावावी. जाळी पंख्याच्या समोर अगदी चिकटून नसावी. नदी किंवा उघड्या नाल्याकाठी राहणाऱ्यांनी तांब्याच्या नळ्या काळ्या पडत आहेत का, याकडे लक्ष द्यावे. सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो, आणि अशा घरांत गळती अपेक्षेपेक्षा लवकर सुरू होऊ शकते.

९. इन्व्हर्टर एसीला तपासणी कमी लागते का?

धुलाई तितकीच लागते. कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे घाण झालेले यंत्रही काही काळ खोली थंड करत राहते आणि बिघाड उशिरा लक्षात येतो. त्याचे सर्किट महाग असते, आणि पाली व मुंग्या उबेसाठी त्यात शिरतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा यंत्र सुरू करण्यापूर्वी आउटडोअरचे झाकण उघडून पाहिलेले बरे, पण ते काम मेकॅनिकचेच आहे, कारण वीज बंद केल्यावरही सर्किटमध्ये काही वेळ धोकादायक विद्युतभार राहतो.

१०. तपासणीने वीजबिल खरोखर कमी होते का?

यंत्र घाण असेल तर होते, स्वच्छ असेल तर होत नाही. एक गणित करून पाहू. समजा, जुने यंत्र तासाला दीड युनिट घेते आणि हंगामात ५४० तास चालते, म्हणजे ८१० युनिट झाले. धुळीमुळे त्याचा वापर दहा टक्क्यांनी वाढला असेल, तर ८१ युनिट वाया जातात. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने हे युनिट आपल्या सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात. आपल्या बिलावरील त्या टप्प्याच्या दराने गुणून धुलाईच्या खर्चाशी तुलना करावी. कमी वापराच्या घरात हे दोन आकडे फार तर बरोबरीला येतात, म्हणून केवळ बिलासाठी दरवर्षी तपासणी करावी असे मी सांगणार नाही. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे बीईई सांगते. छताचा पंखा मंद ठेवून एसी २६ अंशांवर चालवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

११. वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, घ्यावा का?

एकच यंत्र आणि कमी वापर असल्यास बहुधा नको. घरात तीन-चार यंत्रे असतील किंवा ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील, तर ठरलेल्या वेळी माणूस येण्याची सोय मोलाची असते. करार केवळ मजुरीचा आहे की सुट्या भागांसह, गॅस व सर्किट त्यात आहे का आणि वेट सर्व्हिस किती वेळा मिळेल, हे लेखी घ्यावे. करारातील सेवा मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

१२. बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतले तर हमी जाते का?

जाळ्या धुण्याने जात नाही. परंतु हमीच्या काळात गॅसच्या नळ्या उघडणे किंवा सर्किट दुरुस्त करणे हे काम कंपनीच्या अधिकृत केंद्राकडूनच करून घ्यावे, अन्यथा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी असली, तरी गॅस, मजुरी आणि इतर भाग तिच्यात असतीलच असे नाही. हमीपत्रातील अपवाद वाचावेत आणि प्रत्येक कामाची पावती जपून ठेवावी.

१३. घरात दम्याचा रुग्ण आहे. आरोग्यासाठी तरी दरवर्षी तपासणी हवी ना?

येथे माझे उत्तर अधिक ठाम आहे: स्वच्छता दरवर्षी हवीच, आणि ब्लोअर, म्हणजे इनडोअरमधील पंखा, काढून धुतलेला हवा. ओल्या कॉइलवर व ब्लोअरच्या पात्यांवर धूळ बसली की बुरशी वाढते, आणि यंत्र सुरू करताच येणारा कुबट वास बहुधा तिचाच असतो. एसी बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फक्त पंखा चालवल्यास आतला ओलावा सुकतो. साधी जाळी मोठी धूळच अडवते, त्यामुळे एसीला हवा शुद्ध करणारे यंत्र समजू नये. लेजिओनेला जीवाणूची भीती अनेकांना वाटते, पण तो धोका मुख्यतः मोठ्या इमारतींच्या पाण्याच्या कूलिंग टॉवरशी संबंधित आहे.

१४. आमचे आउटडोअर नवव्या मजल्यावर डक्टमध्ये (इमारतीतील उभ्या मोकळ्या जागेत) आहे. मेकॅनिक खिडकीतून बाहेर उतरतो. चालेल का?

नाही, सुरक्षा पट्टा आणि तो बांधण्यासाठी भक्कम आधार असल्याशिवाय चालणार नाही. आपल्या थंडाव्यासाठी कोणी सज्जाच्या कडेवर जीव टांगून उभे राहावे, हे आपण स्वीकारता कामा नये. तो ‘रोजचेच आहे’ म्हणाला, तरी आपण नकार द्यावा. पट्टा नसेल तर त्या दिवशी फक्त इनडोअरचे काम करून घ्यावे. डक्टला चालण्याजोगा कट्टा आणि पट्टा अडकवण्याचे हुक बसवण्याचा विषय सोसायटीच्या सभेत जरूर मांडावा.

१५. भाड्याच्या घरात हा खर्च कोणी करायचा?

करारात जे लिहिले असेल ते लागू होते, म्हणून अकरा महिन्यांचा करार करतानाच हा मुद्दा लिहून घ्यावा. धुलाई भाडेकरूने आणि गळती, कॉम्प्रेसर किंवा सर्किटची दुरुस्ती मालकाने करावी, ही वाटणी मला न्याय्य वाटते. ताबा घेताना प्रश्न ५ मधील तापमानाची नोंद दोघांसमोर केली, तर निघताना अनामत रकमेवरून वाद होत नाही.

१६. घर बदलताना एसी काढून दुसरीकडे बसवला आहे. तपासणी लगेच हवी का?

हो, तेव्हा मागच्या तपासणीला किती दिवस झाले याला महत्त्व नाही. गळतीची शक्यता नवीन जोडांपाशी सर्वाधिक असते, म्हणून बसवतानाच नायट्रोजन चाचणी व व्हॅक्यूम यांचा आग्रह धरावा. काढताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असताना नळी सुटली किंवा गळती असली, तर आत हवा शिरून कॉम्प्रेसर फुटू शकतो. त्यामुळे हे काम सामान हलवणाऱ्या माणसांवर सोपवू नये. यंत्र आर-२२ गॅसवर चालणारे जुने असेल, तर पुन्हा बसवण्याचा खर्च करण्यापूर्वी विचार करावा. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा तो गॅस १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

१७. मागच्या वर्षी एसी लावलाच नाही. मग तपासणी टाळता येईल का?

धुलाई टाळता येईल, पण पहिली सुरुवात लक्षपूर्वक करावी. जाळ्या धुवाव्यात, आउटडोअरमध्ये घरटे नाही याची खात्री करावी, प्लग आणि तार उंदरांनी कुरतडलेली नाही हे पाहावे आणि खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास यंत्र चालवावे. थंडावा येत असेल, पाणी ड्रेन पाइपमधून जात असेल आणि प्लग गरम होत नसेल, तर या हंगामात मेकॅनिकला बोलवण्याची गरज नाही.